तीनदा विचारायचा प्रश्न

शनिवार, सकाळचे सहा पंचवीस. अजमानच्या नुऐमिया भागातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, साधना कोरगावकर सोफा भिंतीकडे सरकवत आहेत. सोफा तिघांचा आहे आणि सरकवणारं माणूस एक, त्यामुळे आधी एक टोक, मग दुसरं, असं चाललं आहे. हॉल मोकळा झाल्यावर त्या दोन सतरंज्या अंथरतात आणि मधोमध पत्र्याची निळी पेटी आणून ठेवतात. पेटीला तीन कड्या आहेत, तीन कुलपं आहेत. किल्ल्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याने ती कुणालाच उघडता येत नाही. आत राजमा आहे.

"मी काल तो भिजत घालणार होतो," स्वयंपाकघरातून त्यांचे यजमान गुणवंत सांगतात. "एवढंच सांगून ठेवतो."

"मोजलेला आहे. तीनशे चाळीस दाणे. कमी निघाले तर तुम्हालाच विचारणार."

"किती वेळा?"

"तीन वेळा."

सात वाजता माणसं येतील. चपला बाहेर, पाकिटं आणि फोन दाराजवळच्या टोपलीत, आणि मग दोन-अडीच तास ती सतरंजीवर बसून एका बैठकीची तालीम करतील. खरी बैठक होते केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात. तिथल्या बायका समुद्रात दोऱ्या बांधून शेवाळ वाढवतात, वाळवतात आणि विकतात. त्यांची एक सहकारी पतपेढी आहे. तिच्याखाली एकोणीस गट आहेत, आपल्याकडच्या बचत गटांसारखे. दर आठवड्याला प्रत्येकीने ठरलेली बचत पेटीत टाकायची आणि लागेल तिने त्यातूनच कर्ज घ्यायचं. गेली आठ वर्षं अमिरातीतली मराठी मुलंमुली तिथे तीन-तीन महिने राहून या गटांच्या वह्या नीट लावून देतात, नव्या चिटणीस बायकांना फोनवर नोंदी ठेवायला शिकवतात. आतापर्यंत चौदा जण जाऊन आले. तिकीट ज्याचं त्याने काढायचं. मंडळाच्या कार्यक्रमात डबा फिरवणं वगैरे काही नाही. परवान्याशिवाय वर्गणी गोळा करायला इथल्या कायद्याने बंदी आहे, आणि तिथल्या बायकांना बाहेरचा पैसा नकोच असतो.

आजची तालीम नेहमीची नाही. सकाळी नऊनंतर त्या गावातल्या एका गटाच्या बावीस बायका ती फोनवरून ऐकणार आहेत. अजमानहून यापुढे कुणाला येऊ द्यायचं की नाही, हे त्या आज ठरवतील. गेल्या फेब्रुवारीपासून दार बंद आहे. ते जिच्यामुळे बंद झालं, ती इशिता शिराळकर हीच आज परीक्षेला बसणार आहे.

साधनाताई चोपन्न वर्षांच्या आहेत. सव्वीस वर्षांपूर्वी दुबईत आल्या, देइरातल्या एका कपड्याच्या गोदामात हिशेबनीस म्हणून लागल्या. आता जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कार्यालयात बसतात. कंपनी इमारतींच्या साफसफाईची कंत्राटं घेते, आणि तिच्या अकराशे कामगारांचा पगार दर महिन्याला साधनाताईंच्या हातून जातो. घर अजमानला, कारण भाडं परवडतं. त्यासाठी त्या पाच चाळीसला घरून निघतात. कार्यालयात त्यांच्या टेबलावर कॅल्क्युलेटर नाही, देवाचा फोटो नाही, कुंडी नाही. सहकारी त्यांना मागे 'मॅडम दशांश' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे.

दोन हजार तेरा साली, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, एक कामगार बाई पगाराची चिठ्ठी घेऊन त्या टेबलापुढे उभी राहिली. नाव सुमैय्या. मोंबासाच्या बाजूची, वय तीसच्या आसपास, चौदा ते एकोणीस हे मजले तिच्याकडे. इथल्या बहुतेकांप्रमाणे तीही कामावरच हिंदी शिकलेली.

"मॅडम, कम क्यों?"

चिठ्ठीत अकरा दिरहॅम कमी होते. साधनाताईंना महिनाअखेरीचे कागद पुढे पाठवायचे होते. अकरा दिरहॅम, त्या वेळचे पावणेदोनशे रुपये. त्यांनी पर्स उघडली, एक दहाची नोट आणि एक नाणं टेबलावर ठेवलं.

"ये ले लो. खलास."

सुमैय्याने पैशांना हात लावला नाही. "ये आपका है. मेरा किधर है?"

ती जागची हलेना, म्हणून साधनाताईंना शोधावं लागलं. चाळीस मिनिटं गेली. सुट्टीच्या दिवशी मध्यरात्र ओलांडणारी पाळी संगणकात साधा दिवस म्हणून पडली होती. चूक साधनाताईंनीच बसवलेल्या सूत्रात होती. त्याच पाळीवर आणखी त्रेचाळीस जण होते आणि त्या सगळ्यांचे अकरा-अकरा कापले गेले होते. त्यांच्यापैकी कुणी आलं नव्हतं. पुढच्या पगारात सगळ्यांचे वळते झाले. पर्समधून काढलेली ती दहाची नोट सुमैय्याने घेतली असती, तर त्रेचाळीस जणांची गोष्ट तिथेच बुडाली असती, असं साधनाताई सांगतात. हे सांगताना त्या आवाज चढवत नाहीत आणि स्वतःला सोडतही नाहीत.

त्यानंतर दोघींची दुपारच्या डब्याची ओळख झाली. सुमैय्या रोजच्या अर्ध्या तासात रोजमेळ लिहायला शिकली. तीन वर्षांनी ती गावी परतली, शेजारणींना गोळा करून तिने पहिला गट उभा केला, आणि सहा महिन्यांत साधनाताईंना फोन आला. "मामा साधना, बाईस औरत है, किताब मेरे अकेले से नहीं होता. कोई पढ़ी-लिखी लड़की भेजो." स्वाहिलीत मामा म्हणजे आई. पहिल्या वर्षी साधनाताई स्वतः वार्षिक रजा घेऊन गेल्या. दुसऱ्या वर्षापासून मुलंमुली जाऊ लागली.

त्या गटाची बैठक घड्याळावर ठरत नाही, ओहोटीवर ठरते. पाणी ओसरलं की बायका कामाला उतरतात, म्हणून बैठक त्याच्या आधी किंवा नंतर. मदरशाच्या ओसरीत चटया पडतात. वही सगळ्यांत शेवटी उघडते. आधी सगळ्या जणी एका आवाजात मागच्या आठवड्याची शिल्लक तोंडपाठ म्हणतात, मग प्रत्येकीला आपल्या उजवीकडच्या दोघींचे आकडेही म्हणून दाखवावे लागतात. निम्म्या जणींना लिहिता येत नाही. पण वहीत खाडाखोड झाली तर तिघींना लगेच कळतं. आणि बचत कुणाची कमी पडली, तर ती बाई दाराजवळच्या चटईवर जाऊन बसते आणि अध्यक्ष तिला तोच प्रश्न तीनदा विचारते. कमी का?

बाहेरच्या माणसाला हे अपमानाचं वाटतं. इशितालाही तसंच वाटलं.

इशिता तेवीस वर्षांची. जन्म अबू धाबीचा, शिक्षण तिथलंच, घर खलिफा सिटीत. वडील उपेंद्र तेलक्षेत्रात अभियंते. मराठी सगळी समजते, उत्तर इंग्रजीत देते. गेल्या जानेवारीत ती केनियाला गेली, तेव्हा जाणाऱ्यांची तयारी म्हणजे तीन शनिवार आणि एक्सेलचे तक्ते एवढीच होती. तक्त्यांत ती पहिली आली होती.

फेब्रुवारीतल्या एका बैठकीआधी झुहुरा नावाची सभासद तिला ओसरीच्या मागे भेटली आणि म्हणाली, आज दोनशे शिलिंग कमी आहेत, चटईवर बसावं लागणार. इशिताच्या डोक्यात, आखातात वाढलेल्या कुठल्याही मुलीच्या डोक्यात होतं तेच झालं. दोनशे शिलिंग म्हणजे साडेपाच-पावणेसहा दिरहॅम. म्हणजे एकशे तीस-पस्तीस रुपये. मॉलमध्ये गाडी लावायला याहून जास्त लागतात. तिने नोट काढून झुहुराच्या हातात दिली. बैठकीत सगळ्यांची बचत पूर्ण भरली. कुणाला काही विचारावं लागलं नाही. बैठक वीस मिनिटं लवकर संपली आणि इशिताने त्या रात्री साधनाताईंना मेसेज केला, "बेस्ट मीटिंग सो फार."

दोन आठवड्यांनी झुहुराला पुन्हा कमी पडले. इशिता त्या दिवशी तालुक्याच्या गावी बँकेत गेली होती. झुहुरा चटईवर बसली, प्रश्न तीनदा झाला, आणि तिसऱ्यांदा तिने सांगितलं की तिचं शेवाळ तीन आठवड्यांपासून पांढरं पडतंय. पाणी तापलं की हा रोग येतो आणि एका दोरीवरून दुसरीवर जातो. वेळेत कळलं तर शेजारणी आपलं शेवाळ आधीच कापून घेतात, दोऱ्या खोल पाण्यात नेतात. त्या दिवशी बायका बैठक अर्धी टाकून समुद्रावर धावल्या. सहा जणींच्या दोऱ्या गेल्या होत्या. दीड महिन्याचं पीक.

तोपर्यंत इशिताला त्या प्रश्नाचा अर्थच लागला नव्हता. पाण्यात काय चाललं आहे, कोण आजारी आहे, कुठला व्यापारी भाव पाडतो आहे, हे सगळं त्या गावाला दर आठवड्याला त्या चटईवरून कळायचं. चटई एक आठवडा रिकामी राहिली आणि बातमी अडकली.

संध्याकाळी बायकांनी झुहुराला चौथा प्रश्न विचारला: मागच्या वेळचे कुठून आणलेस? तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी इशिताच्या हातात तिचे दोनशे शिलिंग परत ठेवण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी तिला मोंबासाच्या बसमध्ये बसवण्यात आलं. साधनाताईंना सुमैय्याचा एका ओळीचा मेसेज आला. "अब किसी को मत भेजो."

त्या वेळी साधनाताईंनी काय केलं, ते त्यांच्या स्वभावाला धरून होतं. मुलीला फोन करून रागावल्या नाहीत आणि समजूतही काढली नाही. "तू किती वाजता दिलेस, कुठल्या हाताने दिलेस, झुहुरा काय म्हणाली, सगळं लिहून पाठव," एवढंच म्हणाल्या. ते दीड पान घेऊन त्या एप्रिलमध्ये चार दिवसांच्या रजेवर शारजाहून नैरोबीमार्गे मोंबासाला गेल्या. बैठकीत त्यांना पाहुणी म्हणून प्लास्टिकची खुर्ची दिली होती. ती बाजूला ठेवून त्या दाराजवळच्या चटईवर बसल्या.

सुमैय्याने विचारलं. तीनदा. साधनाताईंनी बायकांना अकरा दिरहॅमची गोष्ट सांगितली. पर्समधून काढलेली नोट, त्रेचाळीस माणसं, स्वतःची चूक, सगळं. सुमैय्याने ती गोष्ट गावात कधीच सांगितली नव्हती. भाषांतर करताना ती मध्येच थांबली आणि हसली, आणि मग बायकाही हसल्या. एक म्हातारी मात्र हसली नाही. तिने विचारलं, "हे तुला इतकी वर्षं माहीत होतं, तर त्या मुलीला का सांगितलं नाहीस?"

"मी तिला हिशेब शिकवला," साधनाताई म्हणाल्या. "हे शिकवायचं असतं, हे माझ्या लक्षात आलं नाही."

गटाने दोन अटी घातल्या. अजमानमध्ये खऱ्या बैठकीची तालीम सहा महिने चालवायची आणि शेवटची तालीम गटाला ऐकवायची. आणि परीक्षेला तीच मुलगी बसवायची. साधनाताईंनी दुसरं नाव सुचवून पाहिलं होतं. सुमैय्या म्हणाली, "नई लड़की नई गलती करेगी. इसको एक गलती तो मालूम है."

एक्सेल बंद झालं. पैशांच्या जागी राजमा आला, कारण राजम्याचे रुपये करता येत नाहीत. सतरंजीवर दिरहॅम आणि रुपया हे शब्द उच्चारायला बंदी आहे. ही बंदी पाळणं गुणवंतना सगळ्यांत जड जातं. ते किराणा आणतात तेव्हा पिशवी ठेवता ठेवता जाहीर करतात, "पालक साडेतीन दिरहॅम, म्हणजे ऐंशी रुपये, ऐंशी रुपयांत पुण्यात शेत येतं." आता सतरंजी अंथरलेली असली की ते फक्त "पालक" एवढंच म्हणतात आणि थांबतात.

मेपासून नोव्हेंबरपर्यंत चोवीस शनिवार झाले. इशिता बावीस वेळा आली. खलिफा सिटीहून अजमान दीडशे किलोमीटर. उपेंद्र तिला गाडीने आणायचे, आणि ती वर असेपर्यंत खाली कॅफेटेरियात कडक चहा पीत बसायचे. कॅफेटेरियातला यहया त्यांना न विचारता दुसरा कप आणून द्यायचा. वर ते कधी आले नव्हते. आज तालमीतली एक मुलगी तापाने आली नाही, सातवा माणूस हवा होता, म्हणून साधनाताईंनी फोन करून त्यांना बोलावून घेतलं.

"ताई, मला यातलं काही येत नाही," चपला काढत उपेंद्र म्हणाले.

"दहापर्यंत मोजता येतं ना?"

"अहो, मी इंजिनिअर आहे."

"मग बसा. पाकीट टोपलीत ठेवा."

"पाकीट पण?"

"पाकीटच आधी," गुणवंत म्हणाले. "फोन एक वेळ चालेल."

कमी पडणारा सभासद कोण, हे चिठ्ठ्यांवर ठरतं. साधनाताई सात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या वाटतात. एकीवर आकडा असतो. ज्याला ती मिळते, त्याने तेवढे दाणे कमी आणायचे आणि कारण स्वतः रचायचं. विचारणाऱ्याचं काम एवढंच, की प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. सुचवायचं नाही, सावरायचं नाही, कुणाकडे बघून हसायचं नाही. इशिताला या थांबण्याला चार महिने लागले. सुरुवातीला ती पाचव्या सेकंदाला समोरच्याचं उत्तर स्वतःच देऊन टाकायची.

नऊ वाजून बारा मिनिटांनी फोन लागला. साधनाताईंनी तो पेटीच्या झाकणावर ठेवला. पलीकडून कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी खोकल्याचा आवाज, आणि मग सुमैय्या.

"मामा साधना, हम बाईस लोग हैं. स्पीकर पे है. शुरू करो."

सगळ्यांनी मागची शिल्लक एका आवाजात म्हटली. गुणवंत अर्ध्या शब्दाने मागे राहिले. मग एकेकाने दहा-दहा दाणे ताटलीत टाकले. उपेंद्रनी मूठ उघडली. त्यात आठ होते. त्यांनी आपली चिठ्ठी सगळ्यांना दाखवली, जणू पुरावा हवा होता, आणि दाराजवळच्या चटईवर जाऊन बसले. समोर त्यांची मुलगी.

"कम क्यों है?" इशिताने विचारलं. फोनसाठी हिंदीत.

"गाडी का टायर पंक्चर हुआ," उपेंद्र म्हणाले. "उसमें गया."

दोघं-तिघं हसले. इशिता हसली नाही.

"कम क्यों है?"

"वो... रडार का फाइन भी आया. एकशे वीसच्या जागी एकशे त्रेचाळीस."

"उपेंद्रराव, हे खरंच आलंय वाटतं," गुणवंत पुटपुटले. साधनाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

इशिता थांबली. तिसऱ्यांदा विचारताना तिची भाषा बदलली. सहा महिन्यांच्या तालमींत ती सतरंजीवर मराठी बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

"पप्पा, कमी का?"

साधनाताई प्रत्येक तालमीत शांततेची सेकंदं मोजतात आणि लिहून ठेवतात. आजच्या पानावर बावन्न लिहिलेले आहेत. मग उपेंद्र मराठीतच बोलले, पेटीकडे बघत.

"ती नोट माझी होती. जानेवारीत एअरपोर्टवर मी हिला एक पाकीट दिलं. एक्स्चेंजमधून शिलिंग करून आणले होते, सगळे शंभर-दोनशेचे. मी म्हटलं, तिथे कुणाला थोडे कमी पडले तर देऊन टाकायचे. पाच-सहा दिरहॅमसाठी कुणाला खाली मान घालायला लावायची नाही. हिने तेच केलं. आणि हे मी सांगितलं होतं, असं नऊ महिन्यांत कुणालाही बोलली नाही. मीही बोललो नाही. दर शनिवारी खाली चहा पीत बसलो."

"पप्पा, इट वॉज माय हँड," इशिता म्हणाली. प्रश्न तिने मागे घेतला नाही.

"क्या बोला?" फोनमधून सुमैय्याचा आवाज आला. "मामा साधना, पापा क्या बोला? सब मराठी में बोला."

ही तालीम होती. साधनाताईंना पंक्चरची गोष्ट सांगून पुढे जाता आलं असतं. पलीकडे कुणाला मराठी येत नव्हतं. जी मुलगी सहा महिने यासाठी येत होती, तिच्या घरातली गोष्ट बावीस बायकांसमोर ठेवल्याने निकाल फिरू शकला असता. नऊ वर्षांचं काम त्या निकालावर होतं. साधनाताईंनी भाषांतर केलं. उपेंद्र जेवढी वाक्यं बोलले होते तेवढीच, त्याच क्रमाने. 'पाच-सहा दिरहॅम' हेही वगळलं नाही. एका वाक्याला त्या अडल्या. खाली मान घालण्याला हिंदीत नेमकं काय म्हणावं, याचा त्यांनी क्षणभर विचार केला आणि मग सरळ म्हटलं, "इन्होंने सोचा, तुम्हारी चटाई पे बैठना शर्म की बात है."

फोनमध्ये एकदम पुष्कळ आवाज झाले. स्वाहिली, सगळ्या एकाच वेळी. ते अकरा मिनिटं चाललं. इकडे गुणवंत चहा घेऊन आले आणि सगळ्यांनी तो प्यायला. उपेंद्र चटईवरून उठले नाहीत. उठायचं असतं की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. कुणी सांगितलंही नाही.

मग सुमैय्या आली. "लड़की से बात करनी है. इशिता, तुमको मालूम था पापा ये बोलेंगे?"

"नहीं."

"दो बार जवाब मिल गया था. टायर, फाइन. तीसरी बार क्यों पूछा? रूल है इसलिए?"

इशिताने विचार केला. "रूल भी है. लेकिन दो जवाब सच नहीं थे. आय कुड टेल."

"झुहुरा कुछ बोलती है, रुको." पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला, एक बारीक आवाज चार-पाच वाक्यं बोलला. सुमैय्याने सांगितलं, "झुहुरा बोलती है, उस दिन पैसा लेके वो घर गई और रात भर अपनी रस्सी का सोचती रही. बोलना था, किसी ने पूछा नहीं. बोलती है, अब ये लड़की पूछेगी."

मतदान खड्यांनी होतं. दोन वाडगे, पाठ करून उभं राहायचं, एकेक खडा. दहा मिनिटांनी सुमैय्याने मोजून सांगितलं. सतरा विरुद्ध पाच. इशिता येऊ शकते. तिच्यामागून इतरही. पहिल्या चार बैठका दाराजवळ बसायचं, हातात पेन नाही, आणि पर्स सुमैय्याच्या घरी.

इशिताने तळहातांनी डोळे पुसले आणि "ओके" म्हणाली. गुणवंत टाळी वाजवणार होते. बायको लिहितेय हे पाहून थांबले. साधनाताईंनी वहीत सतरा आणि पाच हे आकडे एकाखाली एक लिहिले होते.

"सुमैय्या, पाँच का ना क्यों?"

पलीकडे हसू उमटलं. "आप भी तीन बार पूछोगी?"

"हाँ."

"चार का रस्सी गया था फरवरी में. वो बोलते हैं, अभी नहीं. उनका हक़ है. पाँचवीं बूढ़ी है, वो बोलती है, लड़की ठीक है, मगर पापा को किसी ने सिखाया नहीं."

साधनाताईंनी तेही लिहिलं. ज्या सहा जणींचं पीक गेलं होतं, त्यातल्या दोघींनी इशिताच्या बाजूने खडा टाकला, हे त्यांनी शेजारी वेगळं नोंदवलं आणि त्याखाली रेघ मारली.

"ताई," चटईवरून उपेंद्र म्हणाले, "मला काही दंड वगैरे?"

सुमैय्याने ते ऐकलं होतं; मराठीतला हा शब्द तिला ओळखीचा निघाला की सूर, कोण जाणे. "पापा मेंबर नहीं है. मेंबर को फाइन लगता है," ती म्हणाली. "अभी पानी उतर रहा है, हम जाते हैं. यल्ला, मामा साधना." फोन बंद झाला.

दाणे मोजून पेटीत गेले. तीनशे चाळीस. तिघांनी आपापली कुलपं लावली. इशिताने सतरंजीची एक बाजू धरली, साधनाताईंनी दुसरी, आणि घडी घालताना त्यांनी तिला पुढच्या आठवड्यात पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड घेऊन यायला सांगितलं. तिकीट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचं पाहायचं ठरलं. कौतुकाचा शब्द त्या बोलल्या नाहीत. इशिता गेल्यावर त्यांनी वहीत बावन्न या आकड्याभोवती गोल केला, असं गुणवंत सांगतात. एरवी त्या वहीत असलं काही करत नाहीत.

उपेंद्र मात्र जिन्यावरून परत वर आले.

"तुमची नव्या लोकांची बॅच सुरू होतेय ना, रविवारी? तिला वयाची अट आहे का?"

"नाही."

"आणि वेळ?"

"सात. सात पाचला दार लावते."

"दीडशे किलोमीटर आहे, ताई. एखाद्या दिवशी पाच-दहा मिनिटं..."

"दार सात पाचला लावते," साधनाताई म्हणाल्या.

उद्या रविवार. नव्या तुकडीची पहिली तालीम सकाळी सात वाजता आहे. यादीत पाच नावं आहेत. पाचवं उपेंद्र शिराळकर, खलिफा सिटी.